हातोडीवाल्याचा चेहरा

राखेच्या बुधवारी, म्हणजे शुभ शुक्रवारआधीचा आमचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, संध्याकाळी पॉलिनच्या ओटीवर कुणी नवखा माणूस आला, तर तो बहुतेक उंबऱ्यावरूनच परत फिरेल. भिंतीला चौदा फळ्या टेकून उभ्या असतात, त्यांच्यावर माणसंच माणसं असतात आणि एकालाही तोंड नसतं. तोंडाच्या जागी नुसता पांढरा रंग. मधे पॉलिन बसलेली, कपाळावर सकाळी चर्चमधल्या मिस्सेत फादरांनी लावलेली राख आणि बोटं पांढरीफटक. अशा वेळी ती चहा विचारते आणि लोकांना तो गोड लागत नाही.

वसई पश्चिमेला आमची क्रूसआळी आहे. शुभ शुक्रवारी सकाळी आळीतून क्रुसाची वाट निघते. येशूला शिक्षा सुनावली तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंतचे चौदा प्रसंग, आळीत चौदा जागी थांबून त्यांची प्रार्थना, आणि प्रत्येक जागी पॉलिनचं एक चित्र. अंगं, कपडे, मागच्या केळी आणि नारळ दरवर्षी तेच. चेहरे मात्र नवे, आणि तेही आळीतल्याच माणसांचे. येशूचा चेहरा तेवढा ती कधीच काढत नाही. तो कुठे पाठमोरा, कुठे केसांआड, कुठे दुसऱ्याच्या दंडाआड असतो. बाकीचे सगळे आपण. आणि ज्याचा चेहरा, त्यानेच शुक्रवारी ती फळी छातीशी धरून उभं राहायचं, हा तिचा नियम.

मी रोवेना, तिची शेजारीण. टेलिफोन खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. पॉलिन आणि मी शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे तिच्याबद्दल बरं-वाईट बोलायचा मला अधिकार आहे.

चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर तिचं शून्य. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं ती वसई पूर्वेच्या एका कारखान्यात बाहुल्यांचे डोळे रंगवायची. निळा ठिपका, काळा ठिपका, वर तीन पापण्या, की पुढची बाहुली. नालासोपाऱ्याच्या मुली शेजारी बसून ओठ रंगवायच्या. एकदा मला म्हणाली, "रोवेना, एकच पोरगी दिवसभर माझ्याकडं बघत बसते गो, नि ती कोनच नाय." कारखाना बंद पडल्यावर तिने ठरवलं की यापुढे समोर माणूस बसल्याशिवाय चेहरा काढायचा नाही. मनाने एक भुवईसुद्धा नाही.

दुसरं एक सांगते, म्हणजे तिची पुरती ओळख होईल. जपमाळ हातात घेतली की पॉलिनला पेंग येते. फादरांचं प्रवचन सुरू झालं की तिची मान माझ्या खांद्यावर. पण ब्रश हातात आला की बाई टक्क जागी. ज्याचा चेहरा काढते त्याच्यासाठी ती तेवढा वेळ प्रार्थना करत असते. ओठ हलत नाहीत, काही दिसत नाही, पण समोर बसलेल्याला ते कळतं. मी बसलेय, मला ठाऊक आहे. कुणीतरी आपल्याला धुऊन, पुसून, उन्हात ठेवतंय असं वाटतं.

त्यामुळे बसायला रांग लागते. सगळ्या बायकांना वेरोनिका व्हायचं असतं, येशूचा घामेजला चेहरा पुसणारी. सगळ्या पुरुषांना सायमन व्हायचं असतं, त्याचा क्रूस उचलू लागणारा. शिक्षा सुनावणाऱ्या पिलातालाही कधी तोटा पडला नाही, कारण पिलाताला खुर्ची आहे. आमचे रॉबर्ट सर त्या खुर्चीसाठी दरवर्षी दाढी कोरून येतात. मला मात्र तिने लागोपाठ तीन वर्षं यरुशलेमच्या रडणाऱ्या बायकांत बसवलं. वर म्हणते, तुझा चेहरा मुळातच तसा हाय.

अकराव्या फळीवर मात्र कुणी बसायला तयार नसे. अकरावी फळी म्हणजे येशूला खिळे ठोकतात ती, आणि तिच्यावरचा माणूस म्हणजे हातोडीवाला. तिथे दरवर्षी पॉलिनचा नवरा लेस्टर बसायचा. तो सुतार होता, या फळ्याही त्यानेच रंधा मारून दिलेल्या. "कोनीतरी ठोकायला पायजेच ना," म्हणायचा आणि आपलीच हातोडी घेऊन बसायचा. शुक्रवारी ती फळी धरून उभा राहायचा तेव्हा पोरं त्याला चिडवायची आणि तो डोळे वटारायचा. चित्रातही त्याचे डोळे हसरेच आलेले. मन लावून खिळा ठोकतोय असं कधी वाटलंच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात लेस्टर गेला.

त्यानंतरच्या राखेच्या बुधवारी ओटीवर तेरा फळ्या बिनचेहऱ्याच्या होत्या. अकरावीवर लेस्टर तसाच हसत होता. आळीत सगळे म्हणाले, राहू दे यंदा लेस्टरच, कोण काय म्हणतंय. पॉलिन म्हणाली, "मग शुक्रवारी फळी धरून कोन उभा राहील?" नियम तिचाच होता आणि तिच्याच मानगुटीवर बसला होता. दुसरा कुणी बसल्याशिवाय लेस्टरवरून पांढरा रंग फिरवायला तिचा हात धजत नव्हता, आणि दुसरा कुणी बसत नव्हता. दर रविवारी मिस्सेनंतर ती एकेकाला विचारायची. कुणाला पाठदुखी, कुणाच्या मुलीचं लग्न ठरतंय. आळीतल्या मोगरेवाल्या हिलरीला तर त्या वर्षी सायमन मिळाला होता, त्यामुळे तो हवेतच होता.

मग एका रविवारी चर्चच्या आवारात हिलरीच मोठ्याने म्हणाला, "स्टीवनला बशीव. त्याला वेगळं रंगवायला नको." सगळे हसले.

स्टीवन म्हणजे आळीच्या टोकाला राहतो तो, पंचेचाळिशीचा. त्याच्या वाडीत एक बावखल होतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, बागायतीसाठी पूर्वजांनी खणलेलं. त्याच्या पाझरावर आजूबाजूच्या विहिरी गोड राहायच्या. स्टीवनने ते डंपरने माती आणून भरलं, वर पेव्हर ब्लॉक बसवले आणि लग्नाच्या पार्ट्यांना जागा भाड्याने द्यायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात हिलरीच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि त्याचा मोगरा जळाला. तेव्हापासून आळीने स्टीवनला टाकलं. त्याच्या आईच्या मयतीला खांद्यालासुद्धा माणसं कमी पडली होती. लेस्टर धावत गेला म्हणून निभावलं. त्यानंतर स्टीवन चर्चला यायचा बंद झाला.

पॉलिन त्या हसण्यात सामील झाली नाही. घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि मी काही न करता मला शिक्षा झाली.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी तिच्या ओटीवर वाल सोलत बसले होते. फाटक वाजलं आणि स्टीवन आला. मला पाहून दचकला. पण परत फिरला नाही.

"मावशी, चर्चमदे माझं नाव घेतलं म्हने."

"मी नाय घेतलं," पॉलिन म्हणाली.

"ठाऊक हाय." तो फळ्यांकडे बघत उभा राहिला. लेस्टरसमोर जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "बसू का मी?"

"कशाला? लोकं बोलली म्हनून बसू नको. मी कोनाला हसं करायला चित्र काढत नाय."

"तसं नाय मावशी." तो पायरीवर टेकला. "तीन वर्षं झाली, कोनी माझ्याकडं धड बघत नाय. रस्त्यात गाठ पडली तर मोबाईल काढतात. तुला निदान बघावं लागेल."

मी वालाच्या शेंगांत डोकं खुपसलं. खरं सांगते, मला रडू आलं, आणि त्या माणसासाठी आपल्याला रडू येतंय याचा रागही आला.

पॉलिन उठली. तिने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि अकरावी फळी समोर घेतली. ब्रश लेस्टरच्या कानापाशी नेला आणि थांबली. मग ती लेस्टरला अगदी घरगुती आवाजात म्हणाली, "लई वर्षं ठोकलंस. खाली उतर आता, दमला असशील." आणि तिने कानापासून सुरुवात केली. डोळे सगळ्यात शेवटी. ते झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, घरात जाऊन लेस्टरची हातोडी आणली आणि स्टीवनच्या हातात दिली.

"बस. मान सरळ ठेव."

पुढचे काही दिवस तो रोज संध्याकाळी येऊन बसला. बावखलाचा विषय तिने काढला नाही, त्यानेच काढला. म्हणाला, सगळेच भरत होते, मीपन भरलं. आई नको म्हणत होती. मातीची पहिली गाडी रिकामी झाली तेव्हा पाण्यातून बुडबुडे येत होते, ते अजून कानात आहेत. पॉलिन एवढंच म्हणाली, मान सरळ ठेव. पण मी तिला ओळखते. तेवढा वेळ तिचा ब्रश गालावर एकाच जागी फिरत होता.

चित्र झालं आणि मी पाहिलं. पहिल्यांदाच तो हातोडीवाला आपण काय करतोय ते बघत होता.

इथवर ठीक होतं. पण गुरुवारी, म्हणजे शुक्रवारच्या आदल्याच दिवशी, बाईने त्याला पुन्हा बोलावलं. बाराव्या फळीवर येशू क्रुसावर मरतो. तिथे कोपऱ्यात शिरस्त्राण घातलेला एक शिपाई उभा असे, तोंड झाकलेला, म्हणून कुणाचाच नसलेला. पॉलिनने त्याचं शिरस्त्राण काढून टाकलं, त्याला गुडघ्यावर बसवलं, हातोडी जमिनीवर ठेवली आणि चेहरा स्टीवनचा काढायला घेतला. मी भडकलेच. म्हटलं, एका माणसाला एक फळी हा तुझाच नियम ना? आणि मला इतक्या वर्षांत एक वेरोनिका देता येत नाही तुला?

"त्याला तिथं ठोकत बसलेला सोडून मला झोप लागंना गो," ती म्हणाली. मी घरी जाऊन सुकेळी, आमची ती उन्हात वाळवलेली केळी, खाल्ली.

शुभ शुक्रवारी वाट निघाली. रॉबर्ट सरांनी पिलात ऐटीत धरला, हिलरीने सायमन. अकरावं स्थान पूर्वीपासून बावखलाच्या काठी असायचं, म्हणजे आता स्टीवनच्या फाटकापाशी. तो पांढरा सदरा घालून फळी धरून उभा होता. लोक आले, चेहरा ओळखला आणि कुजबुज थांबली. काहींनी गुडघे टेकले, काही तसेच उभे राहिले. हिलरी उभा राहिला.

तिथून बारावं स्थान जवळच, कोपऱ्यावरच्या दगडी क्रुसापाशी. अकरावी फळी भिंतीला टेकवून स्टीवन बारावी घेऊन तिथे जाऊन उभा राहिला तेव्हा लोक चकित झाले. आख्ख्या आळीत दोन फळ्या कुणाला मिळाल्या नव्हत्या. पॉलिनला ब्रश धुवायलाही सवड झाली नव्हती, तिच्या नखांत तो रंग होता.

बाराव्या स्थानी सगळ्यांनी गुडघे टेकायचे आणि गप्प राहायचं. येशू मेला, त्यावर बोलायचं काही नसतं. ऊन चढलं होतं. फळी जड असते, मी धरलेली आहे. स्टीवनने दोनदा पकड बदलली. फळी हळूहळू एका बाजूला कलली. पॉलिन माझ्या शेजारी होती, तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

समोरून हिलरी उठला. गुडघ्याची धूळही न झाडता पुढे गेला आणि त्याने फळीची कललेली बाजू धरली.

"नीट धर," तो म्हणाला. "रंग ओला हाय."

तीन वर्षांनी त्यांच्यातलं ते पहिलं वाक्य. दोघं प्रार्थना संपेपर्यंत तसेच उभे राहिले. हिलरीच्या नव्या शर्टाची बाही रंगली, तो डाग शेवटपर्यंत निघाला नाही, असं त्याची बायको मला आजही ऐकवते. जणू रंग मी लावला.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्याआधी स्टीवनने निम्मे पेव्हर ब्लॉक उचलले आणि खणायला घेतलं. सध्या तिथे बऱ्यापैकी खड्डा आहे आणि खड्ड्यात पाणी आहे. हिलरी म्हणतो, विहिरीचं पाणी आता चहाला चालतं. मी तो चहा प्याले. चालत नाही. पण तो चालतं म्हणतो, हे काय कमी आहे?

या वर्षीच्या राखेच्या बुधवारी पॉलिनने चौदाही फळ्यांवरचे चेहरे पुसले. शेवटची फळी भिंतीला टेकवेपर्यंत हिलरी ओटीवर येऊन उभा. मला वाटलं, पुन्हा सायमन मागायला आला असणार. मी बोलायच्या तयारीत होते.

"पॉलिन, यंदा हातोडी मला दे," तो म्हणाला.

तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"स्टीवनच्या आयच्या मयताला मी गेलो नाय. दार लावून घरात बसलो. खांद्याला मानूस कमी पडतोय ते आत ऐकू येत होतं."

पॉलिन उठली. घरात गेली, लेस्टरची हातोडी घेऊन आली आणि त्याच्या हातात ठेवली.

"बस," ती म्हणाली. "मान सरळ ठेव."