नर्व्हस आहो, पण वरच जाईन

श्रावण गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुर्गच्या बाजारात वांगी निवडत होतो. त्याच्या मुलाचं बोलणं ऐकलं, 'हो, हो' म्हणालो आणि वांगी तिथंच टाकून दुसऱ्याचीच पिशवी उचलून घरी आलो... माझं हे असंच. श्रावणला कळलं असतं, तर आठवडाभर हसला असता.

दुर्गशेजारच्या भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हाची आमची ओळख. भट्टीच्या लोखंडी सांगाड्यावर चढून बोल्ट कसणाऱ्या टोळीत आम्ही होतो. रोज सकाळी फोरमन ओळीत उभं करून विचारी, "कोई नर्व्हस है?" हो म्हणेल त्यानं दिवसभर खाली घमेली वाहायची. टोळीत मॅट्रिक एकटा मी, म्हणून त्या शब्दाचा अर्थ सांगण्याचा मान माझा. 'नर्व्हस म्हणजे भित्रा,' असं ठोकून देऊन मी सगळ्यांकडून 'नो सर' घोटून घेतलं होतं. श्रावण नवा आला, त्यालाही शिकवलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या सकाळी हात वर केला.

"मैं हूँ, साब."

"तो नीचे रहो."

"नहीं रहूँगा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भित्र्याचे पाय मांगं जाते बे. माह्या पोटात नुसतं ढवळून राहिलं. तेवढं सांगतलं तं काय झालं? अन् खाली राहाचं काम आमच्या बापजाद्यांनी लय केलं. मी वरच जाईन. सांग साहेबाले."

मी त्याचं हिंदी करायला लागलो आणि बापजाद्यांपाशी अडखळलो. तेवढं त्यानंच सांगितलं, फोरमनच्या डोळ्यांत बघून. त्याला त्याच क्षणी कामावरून काढलं असतं, तर विचारणारं कोणी नव्हतं. फोरमननं श्रावणच्या कमरेचा सेफ्टीचा पट्टा ओढून पाहिला. "जा."

त्याच्या मागोमाग चढताना, सगळ्यांत मोठ्यानं 'नो सर' ओरडलेला मी अर्ध्यावर खांबाला असा चिकटलो की बोटं सुटेनात. श्रावण खाली उतरून आला, एकेक बोट सोडवत म्हणाला, "काहून बे मास्तर, याले इंग्रजीत काय म्हणते?"

पुढं फोरमननं विचारलं की सगळी टोळी हात वर करी, आणि सगळी टोळी वर जाई.

परवा हुडको कॉलनीतल्या त्याच्या घरी गेलो. गुडघे गेले तरी उन्हाळाभर तो गच्चीवरच झोपायचा. मुलगा म्हणाला, "काका, पाऊस येईल, बाबांची खाट खाली आणू. जरा हात लावा." आम्ही निघालो, तर वहिनी, श्रावणची बायको, जिन्यात वाट अडवून उभ्या.

"राहू दे तिले वरच," त्या म्हणाल्या. "भिजली तं भिजली."