फेस बसवणारा कोनाडा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी विज्ञानाचा मास्तर. मांजर आडवं गेलं म्हणून उशीर झाला, असं सांगणाऱ्या पोराला मी फळ्यावर मांजराचा वेग काढायला लावलाय. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात मला बघून माझे जुने विद्यार्थी हसतील... हसू देत. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पैंजणांचा आवाज, पांढरी साडी, पिंपळ, यातलं काहीही पुढे येणार नाही. जे आहे ते दुधाच्या बाटलीतल्या फेसाबद्दल. ज्यांना हे फारच किरकोळ वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावं. पण ज्यांच्या घरी तान्हं मूल पोट धरून रडलंय ते उलटणार नाहीत, याची मला खात्री आहे.

आम्ही तेव्हा बनारसला होतो. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्या. माझी बायको सुनंदा हिला तिथल्या मुलींच्या कॉलेजात संगीत शिकवायची नोकरी लागली आणि तिच्या मागोमाग मी कराडहून गेलो. नोकरी तिची आधी, माझी नंतर — हे मी आजही छाती फुगवून सांगतो. मला एका इंटर कॉलेजात दुपारपाळी मिळाली. आमची मुलगी मनू झाली तेव्हा सुनंदा अजून कायम व्हायची होती, रजा वाढवून मिळेना. तेव्हा ठरलं, सकाळी मनूला मी बघायचं, दुपारी तिने. अंगावरचं दूध पुरेना म्हणून डॉक्टरांनी डब्याचं दूध जोडीला दिलं होतं. म्हणजे सकाळची बाटली माझ्याकडे. आणि तिथेच घोटाळा झाला.

थंडीत बनारसला गल्लीच्या तोंडाशी मलइयो विकायला बसतात. आटवलेलं दूध रात्रभर दवात ठेवायचं, पहाटे घुसळायचं आणि वरचा केशरी फेस मातीच्या कुल्हडात भरून द्यायचा. जिभेवर ठेवला की नाहीसा! पहिल्यांदा खाल्ला तेव्हाच मी मनाशी सिद्धांत मांडला, की दुधाचा उत्तमांश म्हणजे फेस. आणि जे बनारस आपल्या गिऱ्हाइकांना देतं ते मी माझ्या लेकीला का देऊ नये?

झालं. रोज सकाळी पाणी उकळून कोमट करायचो, मापाने पावडर घालायचो, बूच लावायचो आणि मग बाटली अशी काही हलवायचो की खांदा दुखून यावा. अर्धी बाटली दूध, अर्धी फेस. खिडकीच्या उन्हात धरून बघायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो.

मनू मात्र खूश नव्हती. बाटली संपली की गुडघे पोटाशी घ्यायची, तोंड लालभडक करायची आणि जो सूर लावायची तो खालच्या मजल्यावर घरमालकीण गोदाताईंपर्यंत जायचा. गोदाताई पणजोबांपासून बनारसच्या. घरात मराठी, पण निम्मी हिंदीत भिजलेली.

"मास्टरसाहेब!" त्या जिन्यातून ओरडायच्या. "बच्चीला पहाडे पाठ करवताय का? इतकी कशाला रडते बिचारी?"

"दात येत असतील, गोदाताई."

"दोन महिन्यांच्या पोरीला दात? तुमचीच अक्कलदाढ येत असेल, बघा जरा!"

डॉक्टरांनी तपासलं. वजन वाढतंय, ताप नाही, घाबरू नका म्हणाले. हे दूध सोसत नसेल कदाचित म्हणून डबा बदलून दिला. नव्या डब्याचाही फेस मी तितकाच झकास काढला.

आता कोनाड्याकडे येतो. स्वयंपाकाच्या खोलीत खिडकीशेजारी एक कोनाडा होता. रॉकेलचा दिवा ठेवून ठेवून आतून काळा झालेला, एरवी अगदी साधा. एका सकाळी बाटली तयार करून मी त्यात ठेवली, मनूचं लाळेरं घ्यायला वळलो, परत बघतो तर फेस नाही. दूध सपाट. मला वाटलं, आज माझाच हात कमी पडला. पुन्हा हलवली. पुन्हा अर्धी बाटली फेस. कोनाड्यात ठेवली, नजर न काढता बघत राहिलो... आणि माझ्यादेखत तो फेस खाली बसला. उतू जाणाऱ्या दुधावर कुणी फुंकर घालावी, तसा. बाहेर ठेवलेल्या बाटलीतला फेस मी मनूला मांडीवर घेऊन, लाळेरं बांधून, खुर्ची सरकवून बसेपर्यंत टिकायचा. इथे टाळी वाजवावी इतक्या वेळात गायब.

मी मास्तर. प्रयोग केले. दाढीचा साबण मगात फेसून कोनाड्यात ठेवला. तो पार वाळेपर्यंत तसाच. कोपऱ्यावरून लस्सी आणून ठेवली, तिचाही फेस जागचा हलला नाही. मग एकाच वेळी दोन बाटल्या केल्या, एक टेबलावर, एक कोनाड्यात. टेबलावरचा फेस ऐटीत उभा, कोनाड्यातला बसलेला! म्हणजे कोनाड्याचं वैर सगळ्या फेसांशी नव्हतं, फक्त माझ्या फेसाशी होतं.

सुनंदाला काही बोललो नाही. काय सांगणार? भिंत माझी मेहनत वाया घालवते म्हणून?

एक दिवस चिडून ते सपाट दूधच मनूला पाजलं. ती प्यायली आणि झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. आता कुणीही शहाणा माणूस यातून काय ते समजला असता. मी काय समजलो? तर माझ्या गाण्याचा गुण आला! मी तिला थोपटताना आवर्तसारणी गात असे... हायड्रोजन, हेलियम, लिथियम... यमनच्या आसपास कुठेतरी. सुनंदाला सांगितलंही, की बघ, घराण्याची तालीम नसताना मी पोर झोपवतो. आणि आपलं गाणं एवढं चालतंय तर मनूने उत्तमांशाला तरी का मुकावं, म्हणून मी बाटली कोनाड्यात ठेवणंच बंद केलं. टेबलावर ठेवून फेस वाचवला.

मनू पुन्हा रडायला लागली. या वेळी आधीपेक्षा जास्त. गाऊन घसा बसला तरी थांबेना. सुनंदा कॉलेजातून यायची ती जिन्यातच चेहरा पाडून.

"अहो, माझं लक्ष लागत नाही हो तिथे," एक दिवस ती म्हणाली. "मुली सूर लावतात आणि मला हिचंच रडणं ऐकू येतं. मी सोडते नोकरी."

त्या नोकरीसाठी तिने काय काय केलं होतं ते मी बघितलेलं होतं.  तिने सांगलीला आईला कळवलं.

सासूबाई आल्या त्या हिंग, वेखंड, एक मऊ दुपटं आणि परतीचं रिझर्वेशन घेऊनच. "नोकरी सोडायची नाही," त्यांनी लेकीला बजावलं. "मनूला मी घेऊन जाते. चालायला लागली की आणून सोडते." सुनंदाने मान खाली घातली आणि उगाचच तंबोऱ्याची गवसणी झटकत बसली. मनू चालायला सांगलीत शिकणार होती. आम्ही पत्रातून वाचणार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटली करायला घेतली. म्हटलं, निदान शेवटचे चार दिवस तरी उत्तम दूध पाजू. हलवायला सुरुवात केली तोच मागून आवाज आला.

"जावईबापू, लस्सीचं दुकान काढलंय का?"

"नाही आई, तो फेस..."

"फेस कुणाला पाजायचाय? वारा भरताय तुम्ही तिच्या पोटात! बघा ते पोट, नगारा झालाय पोरीचा!"

आणि त्यांनी माझ्या हातातून बाटली हिसकून जवळच्या जागी दाणकन ठेवली. जवळची जागा म्हणजे कोनाडा.

फेस बसला. सासूबाईंचं बोलणं मध्येच थांबलं, असं मी लग्नापासून पहिल्यांदा बघितलं.

"हे काय झालं?"

"तो कोनाडा... तसाच आहे."

"तसाच म्हणजे?"

मी सांगितलं. साबण, लस्सी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, मग बाटली स्वतः हलवली, टेबलावर ठेवली. फेस उभा. उचलून कोनाड्यात ठेवली. बसला. कॉलेजला निघालेल्या सुनंदाला हाक मारून तिच्यासमोर पुन्हा केलं. बसला. मग सासूबाईंनी हळदीकुंकवाचं बोट कोनाड्याच्या काठाला टेकवलं आणि लेकीला म्हणाल्या, "मनू इथेच राहू दे. तिच्याकडे बघणारं कुणीतरी आहे इथे."

"मी आहे ना," मी म्हणालो.

"तुमच्याकडेही तेच बघतंय!"

पुढचे चार दिवस माझी शिकवणी झाली. चमचा सपाट भरायचा, डोंगर करायचा नाही. पावडर विरघळवायला बाटली तळहातात हळूहळू फिरवायची. फेस आलाच तर बसेपर्यंत थांबायचं. पाजताना मनूचं डोकं वर, मध्ये थांबून खांद्यावर घ्यायचं आणि ढेकर निघेपर्यंत पाठीवरून हात फिरवायचा. "आणि ते हायड्रोजन बंद," ही शेवटची सूचना. त्या एकट्याच परत गेल्या. दुपटं ठेवून गेल्या.

मनू शांत झाली. सुनंदा घरी गुणगुणत यायला लागली, पुढे कायमही झाली. इथे खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण असा कोनाडा कुणाच्या घरात असतो? मी कॉलेजात सांगितलं, गल्लीत सांगितलं, पानाच्या ठेल्यावर तर रंगवून सांगितलं. शेवटी एका रविवारी उन्हं वर आल्यावर सगळ्यांना घरी बोलावलं. गोदाताई, त्यांचे दीर, माझ्या कॉलेजातले तिवारीजी आणि कुणी बोलावलेले, कुणी न बोलावलेले शेजारी. सुनंदा मनूला घेऊन दारात उभी.

मी बाह्या सरसावल्या. कितीतरी दिवसांनी मनसोक्त बाटली हलवली. अर्धी बाटली फेस! सगळ्यांना दाखवली आणि कोनाड्यात ठेवली.

फेस तसाच.

"थोडं थांबा," मी म्हणालो. थांबले. फेस तसाच. मी बाटली जरा डावीकडे सरकवली. तसाच.

"गुरू," तिवारीजी म्हणाले, "यह तो हमारे घर में भी होता है!"

खोलीभर हशा. गोदाताईंनी पदर तोंडाला लावला. मी पुन्हा हलवली, पुन्हा ठेवली. कान तापले होते. तेवढ्यात मनूने सूर लावला. पोटदुखीचा नव्हे, तो मला आता ओळखू यायचा. भुकेचा. मी कोनाड्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि तो सगळा फेसाळ प्रकार मोरीत ओतून दिला. नवं पाणी, सपाट चमचे. बाटली तळहातात हळूहळू फिरवली. वर जो थोडा फेस आला तो बसेपर्यंत त्या सगळ्या हसणाऱ्या लोकांसमोर बाटली हातात धरून उभा राहिलो. मनूला घेतलं, पाजलं, मध्ये थांबलो, खांद्यावर टाकून पाठीवरून हात फिरवला.

आणि मनूने ढेकर दिला. एवढ्याशा जिवाचा इतका मोठा ढेकर, की गोदाताईंचे दीर दचकले.

"वाह गुरू!" तिवारीजी ओरडले आणि अख्ख्या खोलीने टाळ्या वाजवल्या. सुनंदा दारात हसत होती. मला माझ्या डिग्रीच्या वेळीही असं वाटलं नव्हतं.

लोक गेल्यावर मी गोदाताईंकडे तक्रार केली, "ऐन वेळी कोनाड्याने दगा दिला हो."

"दगा कसला, मास्टरसाहेब? आता त्याने कशाला मेहनत करावी? तुम्हाला येतं ना सगळं."

त्यानंतर त्या कोनाड्यात फेस कधी तसा झटकन बसला नाही. मी गुपचूप पुष्कळदा बघितलं.

मनू आता केमिकल इंजिनिअर आहे. आवर्तसारणीचं श्रेय मी घेतो, सासूबाईंनी बंदी घातली होती तरी. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने भुवया जुळवून विचार केला. म्हणाली, "बाबा, काजळी आणि रॉकेलचा अंश असेल. तेलकट वाफेने फेस मोडतो."

"मग लस्सीचा का नाही मोडला? आणि त्या रविवारपासून काजळी कुठे गेली?"

तिने साबण, लस्सी, दोन बाटल्या, सगळं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "तुमचे प्रयोग फार कमी आहेत."

खरं आहे.  तो फेस कोण बसवत होतं, मला कळलेलं नाही. पण ढेकर मात्र मी काढला होता... आणि त्याला अख्खी खोली साक्षीदार आहे.