अंगठ्याखालचं तेल

बेंजामिन गेल्याचं मला पनवेलच्या एसटी स्टँडवर कळलं. त्याच्याकडेच निघालो होतो, हातात त्याच्या आवडीचे चिकू. त्याच्या आळीतला न्हावी भेटला. म्हणाला, "आता कुठं निघालात? काल पहाटेच गेले ते..." पिशवी मांडीवर घेऊन मी तिथंच बाकावर बसून राहिलो. त्याला आता महिना होईल.

विमानतळाच्या हँगरमध्ये आम्ही दोघांनी पंधरा वर्षं शेजारी शेजारी इंजिनं उघडली. त्याचे आजोबा पनवेलचे ज्यू तेली; त्यांचा घाणा शनिवारी बंद. घाणा गेला, शनिवार तेवढा राहिला. दर शुक्रवारी दुपारी बेंजामिन हत्यारं पुसून एसटी गाठायचा, कारण ज्यूंचा शनिवार शुक्रवारच्या दिवेलागणीलाच लागतो; तेव्हापासून कामाला हात लावायचा नाही, म्हणून तो घरी हवा. आजोबांची आणखी एक खोड त्याला होती. कुठलंही तेल दिसलं की थेंब घेऊन अंगठ्याखाली चोळायचा. आम्ही त्याची यथेच्छ टर उडवली.

एका शुक्रवारी सकाळी पूर्वेकडून एक विमान आलं, ज्वालामुखीच्या राखेतून उडून. ती राख म्हणजे काचेचा भुगाच. इंजिनात राहिली तर आतून सगळं खरवडून काढते. मी तेल बदललं, गाळण्या धुतल्या, इंजिन चालवून बघितलं आणि झोकात सही ठोकली. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी जायचं होतं. पिशवी खांद्याला लावून निघालेल्या बेंजामिनने जाता जाता त्या तेलाचा थेंब चोळला आणि थांबला.

"कचकच लागतेय रे."

"अरे, नवं तेल आहे. आत्ता घातलंय!"

"मग ही आली कुठनं? कूलर उघडलास?"

नव्हता उघडला. तेल थंड करणाऱ्या त्या डब्यात राख बसून राहील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नोकरी तर जाणारच, पण त्या विमानात माणसं बसणार होती...

"तुझी सही तूच खोड, साहेबालाही तूच सांग," तो म्हणाला. "मी थांबतो."

आणि थांबला. शनिवारी पाना हातात धरायची ती त्याची पहिलीच वेळ. कूलरमधून राखाडी चिखल निघाला. साहेबांनी मला फैलावर घेतलं, पण नोकरी राहिली. त्या शनिवाराबद्दल मी त्याच्याशी कधी धड बोललो नाही, याची आज लाज वाटते.

परवा त्याच्या घरी गेलो. रिबकावहिनी स्वयंपाकघरातून तेलाची बाटली घेऊन आल्या.

"नवीन आणलंय. ह्यांनी बघितल्याशिवाय मी कधी फोडणी घातली नाही... भाऊजी, तुम्ही बघता?"

थेंब घेतला, चोळला. मऊ लागला. 'चांगलं आहे' असं म्हणणार होतो, पण ती झोकातली सही आठवली आणि थांबलो. वहिनींकडे आणखी एक थेंब मागितला आणि पुन्हा चोळून बघितलं.