मालकाच्या सहीची चिठ्ठी

“मले काय समजते भाऊ, मी त निस्ता कोरतो!” असं तो अकोल्यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि संगमरवराची भुकटी फुंकून मोकळा व्हायचा.

देवळाच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर कोरलेली नावं तुम्हीही वाचली असतील. कोरणाऱ्याचं नाव तिथे नसतं, म्हणून मीही देत नाही. भातकुलीकडच्या त्याच्या बापाने उचल घेतली आणि पोराला दगडाच्या कारखान्यात ठेवलं. बाप वारला, तरी उचल फिटली नाही असं मालक म्हणे. आधार कार्ड मालकाच्या कपाटात. मालकाच्या सहीची चिठ्ठी असल्याशिवाय चौकीदार त्याला फाटकाबाहेर सोडत नसे. ती चिठ्ठी घेऊन तो माझ्या डीटीपीच्या दुकानात यायचा. मी छापलेला कागद दगडावर चिकटवून तो अक्षरं कोरायचा.

मालकाला त्याचं भारी कौतुक. “अडानी कारागीर बरा. अक्षराचं चित्र काढते, पयून जात नाही.”

एकदा त्याने माझा कागद हळूच परत सरकवला. “भाऊ, हा देणगीदार जिता हाय. तुमी त्याले स्वर्गवासी केलं.”

मी हसलो, मग थबकलो. “तुला वाचता येतं?”

“सातवी झालो. मालकाले सांगू नका. वाचनाऱ्याले ते बाहेर सोडत नाहीत.”

पुढच्या खेपेला त्याने तहसीलदारांच्या नावाचा अर्ज आणला. ‘माझे कार्ड द्यावे व मला घरी जाऊ द्यावे.’ अक्षर असं, की मी टाईप करायला लाजावं. “पोचवा भाऊ,” म्हणाला. मी हो म्हणालो. पण मालक माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. अर्ज खणातच राहिला.

“गेला का अर्ज?”

“साहेब रजेवर आहेत.”

असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही, अर्ज परत मागून घेतला. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते.

आठवड्याभरात तो पळाला. चिठ्ठी त्यानेच लिहिली होती. ‘यास दगड पाहण्यास अमरावतीस पाठवले आहे. अडवू नये.’ खाली मालकाची हुबेहूब सही. चौकीदाराने म्हणे ऑटोसुद्धा थांबवून दिला.

मालक ती चिठ्ठी नाचवत माझ्या दुकानात शिरला. “तूच लिहून देली ना? त्या अडान्याले काय लिवता येते!”

गप्प बसलो असतो, तर मालक अडाणी माणूसच शोधत फिरला असता. माझं फार तर एक गिऱ्हाईक तुटलं असतं. पण माझी गाळण उडाली. “मी नाही हो शेठ. त्याला चांगलं लिहिता-वाचता येतं.”

“मंग त्याच्या फोटोखाली तेच टाक. गावोगाव पाठवतो.”

मी टाकलं. ठळक अक्षरात. ‘उत्तम कारागीर. लिहिता-वाचता येते. दिसल्यास कळवावे.’ व्हॉट्सअ‍ॅपवरून ते अख्ख्या वऱ्हाडात फिरलं.

तो अजून सापडलेला नाही. जिथे असेल तिथे सुखात असो, असं म्हणायचा मला हक्क नाही. तो स्वतःच्या हाताने सुटला. पण चारचौघांत पेपर उघडून वाचायची त्याची सोय मी ठेवली नाही.