सातुर्निनोमामाची टेकडी

माझ्या सातुर्निनोमामाबद्दल कोणी चांगलं बोलू लागलं की मी उठून जाते. वाईट बोलत असेल तर मात्र बसते, आणि तपशील चुकला तर दुरुस्तही करते. त्याला माझ्याइतकं ओळखणारं आता कोणी उरलेलं नाही.

चाग्रेस नदीवर त्याच्यासारखा होडीवाला नव्हता, हे कबूल. लांब वासा तळाला रोवत तो भरली होडी प्रवाहाविरुद्ध अशी न्यायचा की बघणाऱ्यालाच धाप लागावी. आमच्या पाल्मा ग्रांदे गावात एक मोठी सावर होती. तिच्यावर पुराची खूण कोरायचा मानही त्याचाच. पूर आमच्यासाठी नवा नव्हता. पाणी चढू लागलं की चूल, कोंबड्या, सान आंतोनियोची मूर्ती असं सगळं माळ्यावर न्यायचं, वर बसून कॉफी प्यायची, आणि तीन-चार दिवसांनी पाणी उतरलं की खाली येऊन चिखल उपसायचा. पाणी जिथवर आलं तिथे सावरीवर खाच पाडायची. सगळ्यांत वरची खाच आजोबांच्या वेळची, आणि तीही आमच्या माळ्यांपेक्षा हातभर खालीच. आमचं सगळं शहाणपण त्या झाडावर होतं.

मग कालवेवाले आले. एका समुद्राची जहाजं दुसऱ्या समुद्रात न्यायची, त्यासाठी नदी अडवायची, असं ते म्हणत. कोणत्या देशाला किती फायदा होणार याच्या बाता आमच्या कॉफीवर मारत. त्यांच्या मोजणीच्या साहेबाचं नाव हॅल्वर्सन. त्याने मामाला मुकादम केलं आणि गावातले बारा गडी होड्यांवर घेतले.

माझी आई मामाची थोरली बहीण. विधवा, पदरी आम्ही तीन मुलं. संध्याकाळी मामा आमच्याकडे नारळाच्या दुधातला भात खायला यायचा आणि साहेबाच्या गोष्टी सांगायचा.

“ताई, आज साहेबाला सावर दाखवली. म्हणाला, वरच्या खाचेपुढे पाणी येणार नाही.”

“शपथ घेतली का त्याने?”

“माझ्यासमोर वहीत लिहिलं की.”

“तुला वाचता कुठे येतं रे?”

“तुला येतं? मग वाढ मुकाट्याने!”

आम्ही पोटं धरून हसलो. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

पुढच्या वर्षी गावं उठवायचा हुकूम आला. कागद घेऊन आलेला कारकून आईच्या दारात उभा राहिला. म्हणाला, इथे सगळा तलाव होणार, नव्या रेल्वेच्या कडेला टेकडीवर जागा देतोय. आधी येईल त्याला वर, मागून येईल त्याला खाली दलदलीत. “तुमची मुलं लहान आहेत बाई, आजच अंगठा द्या.” आईने मामाकडे पाहिलं.

“तलाव म्हणे!” मामा थुंकला. “नदी कधी उतरल्याशिवाय राहिली आहे का ग? बस गप घरात.”

आई नुसती गप बसली असती तरी चाललं असतं. पण तिने दारोदार फिरून सांगितलं, माझ्या भावाने स्वतः साहेबाला विचारलंय, कुठेही जाऊ नका. तिच्या शब्दावर दहा घरं थांबली. बाकीचं गाव गेलं. बारा गडीही राहिले आणि साहेबाच्या होड्या वल्हवत राहिले.

पाणी आलं ते ऐन उन्हाळ्यात. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि नदी रोज चार बोटं वर. आम्ही रीतीप्रमाणे माळ्यावर चढलो, कॉफी केली, एकमेकांना हाका मारून थट्टा केली. चार दिवस झाले, दहा झाले. पाणी वरच्या खाचेला टेकलं तेव्हा गडी ओरडले, “झालं, आता उतरणार!” दुसऱ्या दिवशी खाच दिसेना. मामा साहेबाबरोबर वरच्या अंगाला गेलेला, त्याचा पत्ता नाही. शेवटी कोंबड्या सोडून, मूर्ती तेवढी घेऊन, तराफ्यांवरून अकरा घरं निघालो.

टेकडी केव्हाच भरली होती. कारकुनाने खालची दलदल दाखवली. आई म्हणाली, निदान वर कोणी ओळखीचं आहे का बघते. मी तिचा हात धरून चढले.

माथ्यावर तीन खोल्यांचं फळ्यांचं घर होतं, वर नवा पत्रा. अंगण झाडत होती आमची एउदोक्सियामामी. वर्षापूर्वी आजारी आईकडे जाते म्हणून गेलेली. आम्हाला पाहून तिच्या हातून झाडू पडला. अंगणात पपईची पाच झाडं होती आणि पाचही फळांनी लगडलेली. पपई लावल्यावर फळ धरायला किती महिने जातात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आई झाडांकडे बघत उभी राहिली.

मामा दारात आला. डोक्यावर सरकारी टोपी. तलावातले जहाजांचे दिवे सांभाळायची कायमची नोकरी मिळाली होती त्याला.

“तुला माहीत होतं?” आईने विचारलं.

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या मोजणीपासून. ताई, गाव उठलं असतं तर साहेबाला वल्हवायला कोण राहिलं असतं? मोजणी संपेपर्यंत गडी धरून ठेव, मग ही नोकरी, असं ठरलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस.”

“केलंच असतं.”

“मग? आता मागच्या खोलीत ये पोरांना घेऊन. तुला परकं समजतो का मी?”

सख्ख्या भावाने केसाने गळा कापला आणि वर खोली देऊ केली. आई टेकडी उतरली.

खाली बायका वाट बघत होत्या. आईने सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेजारच्या काँस्तान्साने टेकडीकडे पाहिलं. मग म्हणाली, “भावाचं घर वर उभं, भावजय वर्षभर तिथे, आणि तुला माहीत नव्हतं? कुणाला सांगतेस बाई! आम्हाला थांबवत दारोदार कोण हिंडलं?”

त्या दिवसापासून दलदलीत अकरा घरं होती आणि आमच्याशी बोलणारं एकही नव्हतं. मामाशी मात्र सगळे बोलायचे, नोकरी लावून देतो म्हणून. आई वीस वर्षं सांगत राहिली, मला ठाऊक नव्हतं, मुलांची शपथ. कोणी ऐकलं नाही.

आणि एकदा, मी मोठी झाल्यावर, जेवताना कशावरून तरी भांडण पेटलं आणि मीही विचारलं, “आई, खरं सांग, तुला माहीत नव्हतं?”

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि भरल्या ताटावरून उठली.