स्वतःलाच शिडी लावून

माझा धाकटा भाऊ जमिनीवरून उठायचा ते बघण्यासारखं असायचं. आधी हातापायांवर ओणवा व्हायचा, मग हात नडग्यांवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. "बघ ताई, मीच मला शिडी लावली," म्हणायचा. आम्ही दोघं पोट धरून हसायचो. शेजारणींच्या मते पोरगं आळशी होतं. आई त्याला भिजवलेले बदाम चारायची, तिळाच्या तेलानं पाय चोळायची. डॉक्टरांनी स्नायू झिजवणाऱ्या त्या दुर्मीळ आजाराचं नाव सांगितलं, तोवर शिडी मोडत आली होती.

पुढं तो चाकाच्या खुर्चीत आला. तोंडाचा पट्टा मात्र तसाच चालू.

अशा मुलांच्या पालकांनी एकदा औरंगपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर भरवलं. संशोधन करणारे डॉक्टर रक्ताचे नमुने घेणार होते. आजार घराण्यातून येतो, घरच्यांना घेऊन या, असा निरोप होता. घराणं म्हटल्यावर वाळूजच्या कंपनीत पाळी करणाऱ्या माझ्या बाबांनी काय करावं? रजा टाकली आणि गावाकडची अख्खी भावकी टेम्पोत घालून आणली. एक चुलते तर बाह्या वर सारूनच उतरले. "घ्या किती घ्यायचं ते! पोराच्या कामाला नाय यायचं तर कवा?"

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना चहा पाजला, मग हळूच म्हणाल्या, "काका, हा आजार वडिलांकडून मुलाला येत नाही. बहुतेक वेळा आईकडून येतो. मला मुलाची आई हवी, बहीण हवी."

मी भावाची खुर्ची ढकलायला म्हणून तरी आले होते. आई घरी होती. वंशाच्या कामात बाईमाणसाला कोण विचारतं! भावकी आपापल्या कपात बघत बसली.

आम्ही घरी पोचायच्या आत कुणीतरी ही बातमी आईला फोनवर सांगितली होती. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली. "माझ्यामुळं व्हय?" एवढंच म्हणाली. उद्या शिबिराला येणार नाही, म्हणाली. तिच्या रक्ताशिवाय तपासणी अर्धवट राहणार होती आणि दुसरा दिवस शेवटचा होता. बाबांनी समजावून पाहिलं. मी तर चिडलेच. फोन करणारं माणूस समोर असतं तर त्याची धडगत नव्हती.

सकाळीही ती तिथंच बसलेली. भावानं खुर्ची तिच्यासमोर न्यायला लावली.

"आई, माझं नाक कुणाचं?"

"माझं."

"हे कुरळे केस?"

"माझेच की."

"आन् ही लई बडबड?"

आईला हसू आलं.

"ते सगळं देताना तू ठरवून दिलं व्हतं का? हे बी तसंच आलं. आता ऊठ. मला उठता येत नाय, तुला तर येतं."

हात पुढं करायचा होता त्याला, पण हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला जाईना. आईनंच तो धरला आणि उठली. रिक्षात ती त्याच्या शेजारी बसली. तिनं रक्त दिलं, तिच्यामागून मी दिलं.

त्या संशोधनातून औषध निघेपर्यंत तो काही थांबला नाही. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. त्या बडबडीशिवाय घर अजून मला परकं वाटतं.

त्याच हॉलमध्ये आता दरवर्षी आम्ही अंगणवाडीच्या बायांना बोलावतो. आई पुढं येते आणि माहेरच्या गावाचं नाव सांगावं इतक्या सहज सांगते, "हे माझ्याकडनं आलं." मग माझी पाळी. असं मूल लवकर कसं ओळखायचं, ते दाखवायला मी खाली बसते. ओणवी होते, हात नडग्यांवर, गुडघ्यांवर, मांड्यांवर. एकदा दाखवलं की बायांना कळतं. तरी उठायला मी मुद्दाम वेळ लावते. तेवढा वेळ तो हॉलमध्ये असतो.