गुरुजींचा विडा

तंबाखूच्या विड्याचा वास आला की मला हुबळीजवळच्या उणकलमधली ती खोली आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा हायस्कूलमध्ये होते. गाणं शिकायचं म्हणून माझे वडील, अप्पा, मला धारवाडहून तिथल्या गुरुजींकडे घेऊन गेले. गंडा बांधायचा होता, म्हणजे मनगटाला दोरा बांधून गुरुजी मला शिष्या करून घेणार होते. खोलीत उदबत्तीचा धूर कोंडला होता, ताटातल्या गुळावर माश्या बसत होत्या. गुरुजींनी दोरा बांधला, गूळ-फुटाणे दिले. इथवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी तोंडातला चघळलेला विडा बोटांनी काढला आणि माझ्यापुढे धरला. लाळेची तार अंगठ्यावरून लोंबत होती. "गीळ. याच्याशिवाय गळ्यात विद्या उतरत नाही." मी अप्पांकडे पाहिलं. ते हात जोडून म्हणाले, "घे की गं, प्रसाद आहे तो." तो कोमट लगदा जिभेवर पडला आणि मी मोरीकडे धावले, भडभडून ओकले. तिथे आधीपासून शिकणारी एक अक्का पाणी घेऊन मागोमाग आली. माझ्या हातावर तांब्या ओतत ती हळूच म्हणाली, "मी गिळला होता. तेव्हापासून त्यांचे कपडे धुते, स्वयंपाक करते. गाणं अजून काही शिकवलं नाही बघ." आत अप्पा माझ्या वतीने माफी मागत होते. मी दोरा तोडून मोरीत टाकला. पुढे गाणं शिकले ते एका बाईंकडे. आता माझ्याकडेही मुली येतात. एखादी पाया पडायला वाकली की मी पटकन पाय मागे घेते.